खरकट्याच्या यादीतलं नववं कलम

माई उजाडायच्या आत उठत, तोंड धूत, आणि परसातल्या सातही कोंबड्यांच्या पोटात काही गेल्याशिवाय स्वतः पाण्याचा घोटही घेत नसत. हे त्यांचं पहिलं व्रत. दुसरं, रोज सकाळी शंभर वेळा देवाचं नाव घ्यायचं. तिसरं म्हणजे कुणाची निंदा करायची नाही आणि ऐकायचीही नाही. पहिली दोन अंगवळणी पडली होती. तिसऱ्याची मात्र रोज परीक्षा होई, आणि परीक्षा घ्यायला माणसं नव्हती, झाकणाचे पाच पत्र्याचे डबे होते.

गल्लीच्या त्या टोकाला पाच घरं होती आणि पाचांच्या पाठीमागे मिळून एकच परस. परसाच्या कोपऱ्यात जाळीचं खुराडं. कोंबड्या सगळ्यांच्या होत्या, म्हणजे अंडी सगळ्यांची आणि कोंबड्या माईंच्या. प्रत्येक घरानं आपलं उरलंसुरलं मागच्या दाराशी डब्यात ठेवायचं, माईंनी पाचही डबे गोळा करायचे, निवडायचे आणि खुराड्यापाशी न्यायचे, असा रिवाज कधी पडला ते कुणालाच आठवत नव्हतं. पडला खरा, आणि त्यात माईंची पंचाईत होऊन बसली.

कारण माणूस पाहुण्याला बैठकीची खोली दाखवतो आणि डॉक्टरला जीभ दाखवतो, पण खरकटं निवडणारीपासून त्याचं काही म्हणता काही लपत नाही.

शेजारच्या घरात आहारतज्ज्ञ बाई राहत. त्यांच्या खोलीत साखरेच्या चमच्यावर लाल फुली मारलेलं मोठं चित्र होतं आणि बाहेर बाकावर कायम दोन-तीन गुबगुबीत माणसं खाली मान घालून बसलेली असत. बाईंच्या डब्यात वर काकडीच्या सालींचा हिरवागार थर असे. त्याखाली केक. साधा नव्हे, थरांचा, वर चॉकलेटचं वितळलेलं आवरण असलेला. माई वरचा थर उचलत, खालचा बघत आणि मनाशी म्हणत, पाहुणे आले असतील. बाईंकडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाहुणे येत असत, फक्त ते दारातून आत जाताना कधी कुणाला दिसले नव्हते.

पलीकडे बेकरीवाले. दुकानावर पाटी होती, ‘आमच्याकडे शिळं राहत नाही’. ते शब्दशः खरं होतं. शिळं त्यांच्याकडे राहत नसे, संध्याकाळी मागच्या दारानं डब्यात येई, कधीकधी हिरव्या बुरशीची लव घेऊन.

समोरच्या कडेला नवं लग्न झालेली सूनबाई आणि तिच्या सासूबाई. सूनबाई हिशेबतपासनिसांच्या कचेरीत कामाला होती आणि स्वयंपाक येतो असं सांगून या घरात आली होती. सासूबाईंचे गुडघे दुखत, त्या स्वयंपाकघरात फारशा येत नसत, पण मागच्या दारातल्या डब्यात डोकावून मात्र बघत, सुनेनं आज काय चिरलं ते. म्हणून सूनबाई कामावरून येताना जेवण बाहेरून आणी आणि माईंच्या दारात येऊन हळूच म्हणे, माई, वाटीभर सालं द्याल का? साखर मागणाऱ्या, विरजण मागणाऱ्या शेजारणी माईंनी जन्मभर पाहिल्या होत्या. सालं उसनी नेणारी ही पहिलीच. माई तिला दुधीची, गाजराची अशी मिसळून देत, म्हणजे रोज वेगळी भाजी झाल्यासारखी दिसावी.

आणि चौथं घर अध्यक्षांचं. परसाच्या समितीचे ते अध्यक्ष. नोकरीत असताना एका मोठ्या कचेरीच्या दप्तरखान्यात होते आणि निवृत्त झाल्यावर दप्तरखाना त्यांनी मनात घालून घरी आणला होता. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं होतं. बायको त्यांना बिनमिठाचा उकडलेला भोपळा, बिनमिठाची डाळ, बिनमिठाचा भात वाढी, आणि ते सगळं ताटाला बोट न लावता जसंच्या तसं डब्यात येई. त्याखाली खारवलेल्या दाण्यांची रिकामी पाकिटं घडी घालून, अगदी व्यवस्थित. गल्लीतलं सगळ्यांत पथ्याचं जेवण कोंबड्या जेवत होत्या आणि त्यांचा रक्तदाब उत्तम होता.

पाचवा डबा माईंचा स्वतःचा. त्याकडे त्या फारसं बघत नसत. आपलं आपल्याला माहीत असतंच, असं त्यांना वाटे.

हे सगळं त्यांच्या पोटात होतं आणि तिथंच राहत होतं. नवऱ्याला, घड्याळजींनाही, त्यांनी कधी चकार शब्द सांगितला नव्हता. घड्याळजींना तसं ऐकूही कमी येई. घराच्या पुढच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून ते दिवसभर लोकांची घड्याळं उघडून बसत आणि आलेल्या प्रत्येकाला ‘उद्या’ म्हणत. त्यांच्या दुकानात भिंतीवर एकवीस घड्याळं होती, एकवीसही अगदी बरोबर वेळ दाखवत, आणि वेळेवर एकही काम होत नसे.

माईंची जपाची माळ तुटली तेव्हाही त्यांनी मणी एका काचेच्या बशीत भरले, चिमट्यानं शंभर मोजून घेतले आणि म्हणाले, उद्या ओवतो. त्याला आता पाच आठवडे झाले होते.

पण व्रताला उद्या चालत नाही. माईंनी कडधान्याच्या डब्यातून तांबड्या घेवड्याचे शंभर दाणे मोजून घेतले, दोन वाट्या समोर ठेवल्या, आणि एक नाव घेतलं की एक दाणा या वाटीतून त्या वाटीत, असा जप सुरू केला. आठवडाभर हाताळून दाणे बोटांच्या घामानं मळत, म्हणून दर रविवारी संध्याकाळी नवे शंभर घ्यायचे असं त्यांनी ठरवलं. मग जुन्यांचं काय करायचं? देवाचं नाव घेतलेले दाणे कचऱ्यात टाकायचे नाहीत, हे तर झालंच. शिजवून खाल्ले तर आपलंच पुण्य आपण गिळल्यासारखं होईल. तेव्हा मुक्या जिवांच्या मुखी पडावेत हे बरं. कोंबड्यांना गिळायला सोपं जावं म्हणून त्या दाणे वरवंट्यानं जाडसर भरडत आणि रविवारी संध्याकाळी स्वतःच्या हातानं भरवत. लंगडी सगळ्यांत आधी धावत येई. एक पाय आखडलेली ती म्हातारी कोंबडी अंडी कधीच घालायची थांबली होती, पण माईंच्या ओंजळीतून खायचा पहिला मान तिचाच असे.

पहिले दोन रविवार कोंबड्यांनी त्या भरडीत नुसत्या चोची घालून बघितल्या. तिसऱ्या वेळी माईंनी त्यात थोडं दही कालवलं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कोंबड्या पिसं फुगवून कोपऱ्यात बसल्या आणि खुराड्यात पाण्यासारखी घाण झाली. मंगळवारपर्यंत सावरल्या. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तेव्हा गुरांच्या डॉक्टरला बोलावलं.

डॉक्टर तरणा होता, बुटाला शेण लागलेलं होतं आणि घाईत होता. त्यानं कोंबड्या उचलून पाहिल्या, मानेखालची अन्नाची पिशवी चाचपली आणि सांगितलं, साथ वगैरे नाही, खाण्यातून काहीतरी जातंय. मग त्यानं परसात उभ्याउभ्या घडाघडा सांगितलं की पालेभाजीचे देठ, गाजर-भोपळ्याच्या साली, शिजलेला भात, कलिंगडाची फोड, भाजून चुरलेली अंड्याची टरफलं हे सगळं बिनघोर द्या, आणि पुढच्या नऊ गोष्टी मात्र चुकूनही नकोत. अध्यक्षांनी वही काढून लिहून घेतलं. माई तेव्हा आत कोंबड्यांसाठी पाणी कोमट करत होत्या.

संध्याकाळी पाचही दारांवर परिपत्रक लागलं. विषय, सामाईक कुक्कुटांस द्यावयाच्या खरकट्याबाबत. संदर्भ, डॉक्टरांची तोंडी सूचना. खाली आठ कलमं होती. बुरशी आलेलं काहीही. खारवलेले पदार्थ. चॉकलेट. चहाचा चोथा. हिरवट झालेल्या बटाट्याच्या साली आणि मोड. तेलकट तळण. नासलेलं, आंबलेलं. कांदा मोठ्या प्रमाणात, आणि इथे कंसात, मोठं प्रमाण म्हणजे किती हे उपसमिती ठरवील.

डॉक्टरनं नऊ सांगितली होती. नववं अध्यक्षांनी गाळलं. परिपत्रक खरकट्याविषयी होतं आणि डॉक्टरचा नववा पदार्थ खरकट्याच्या व्याख्येत बसत नव्हता, तो कुणी टाकतच नाही. विषयाला सोडून असलेलं कलम घातलं की परिपत्रकाचं गांभीर्य जातं, हे ते दप्तरखान्यात तीस वर्षांत शिकले होते.

माईंनी परिपत्रक दोनदा वाचलं. त्या आठवड्यात त्या डबे निवडायला दुप्पट वेळ बसल्या. केक बाजूला, पाव बाजूला, खारे दाणे झटकून बाजूला. एकेक साल उजेडात धरून हिरवी आहे का बघितली. रविवारी तर सगळ्यांकडे जेवणावळी झाल्यासारखे डबे भरले होते, ते त्यांनी चष्मा पुसून पुसून निवडले. मग संध्याकाळी हात धुऊन, मन शांत करून, आठवडाभराचे दाणे भरडले आणि दह्यात कालवून भरवले.

सोमवारी सकाळी लंगडी उठलीच नाही. मान पंखात घालून पडून होती. बाकीच्या सहांनी कसंबसं चोचभर टिपलं, लंगडीनं डोळाही उघडला नाही.

आणि माईंनी पाण्याचा पेला भरून तसाच झाकून ठेवला.

नऊ वाजता अध्यक्ष परसात आले, कोंबडीकडे लांबून बघितलं आणि निकाल दिल्यासारखं बोलले. परिपत्रक काढूनही दर सोमवारी हे होतंय, म्हणजे रविवारी कुणाच्या तरी घरून कलमांचा भंग होतोय. आज पाच वाजता सभा. दोषी घर सापडलं तर त्याला समज देऊन विषय मिटेल. सापडलं नाही तर जबाबदारी कुणाचीच नाही, आणि जबाबदारी कुणाची नसलेली वस्तू समितीला ठेवता येत नाही. कोंबड्या उद्या पोल्ट्रीवाल्याकडे जातील. लंगडीसारख्या बिनअंड्याच्या कोंबडीचं पोल्ट्रीवाला काय करतो ते सांगायची गरज नव्हती.

मग आवाज उतरवून ते म्हणाले, “माई, डबे तुम्ही निवडता. तुम्हाला माहीत नाही असं नाही. फक्त घर सांगा, पुढचं मी बघतो.”

“मी कुणाचं वाईट बोलत नाही हो,” माई म्हणाल्या.

“वाईट कशाला, माहिती द्या. माहिती देणं ही निंदा नव्हे.”

माईंनी विचार केला. लोक निंदेला काय काय म्हणतात याची त्यांना बरीच कल्पना होती. काळजी म्हणतात, स्पष्टपणा म्हणतात, आपलं म्हणून सांगते असं म्हणतात. माहिती हे नाव नवीन होतं. त्यांनी मान हलवली, आणि ती हो म्हणून हलवली नव्हती.

दिवसभर मग त्यांच्या दाराला उसंत नव्हती. आहारतज्ज्ञ बाई सहज म्हणून आल्या आणि मैद्याच्या पावात किती विष असतं यावर बोलू लागल्या. माईंनी खलबत्ता घेऊन मिरी कुटायला सुरुवात केली. बेकरीवाले दूध आणायला निघालेले म्हणून डोकावले आणि म्हणाले की जी माणसं दुसऱ्याच्या तोंडातला घास मोजतात त्यांच्या घरात काय शिजतं ते एकदा बघायला पाहिजे. माईंनी पुन्हा खलबत्ता घेतला. दुपारपर्यंत वर्षभर पुरेल इतकी मिरपूड झाली, घड्याळजी पुढच्या खोलीत शिंकू लागले, आणि माईंच्या घशाला नुसती कोरड पडली होती. सूनबाई रजा टाकून घरीच होती. ती तेवढी काही न बोलता दारात उभी राहिली, डोळ्यांत पाणी आणून, आणि वाटी न मागताच गेली.

या सगळ्यात माईंना एकच गोष्ट टोचत होती. घर सांगायचं झालं तरी कोणतं सांगणार? कालचं सगळं वाईट त्यांनी स्वतः निवडून बाजूला काढलं होतं. बाईंचा केक आणि अध्यक्षांची पाकिटं अजून मोरीपाशी पिशवीत पडली होती. कोंबड्यांपर्यंत त्यातलं काही गेलंच नव्हतं. मग गेलं काय?

तीनच्या सुमाराला घड्याळजींनी हाक मारली.

ते नेहमीच्या जागी बसले होते, डोळ्याला भिंग, हातात बारीक चिमटा. पण समोर घड्याळ नव्हतं. पांढऱ्या कागदावर खुराड्यातली घाण घेतली होती आणि तिची त्यांनी पुर्जे काढल्यासारखी वेगवेगळी मांडणी केली होती. हे काम त्यांनी उद्यावर टाकलं नव्हतं, हे माईंना त्याच क्षणी जाणवलं.

“अगं, हे बघ,” ते म्हणाले आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. “हे तांबडं काय आहे?”

माईंनी बघितलं. नखाएवढं तांबडं साल होतं. आतून फिकट, कडेला वळलेलं. आणखी एक होतं. आणखी चार होती. पाच आठवडे बोटांच्या टोकांनी एकेक करून सरकवलेलं ते रूप त्या डोळे मिटूनही ओळखू शकल्या असत्या.

त्यांनी भिंग हळूच कागदाशेजारी ठेवलं.

“देवाचं नाव घेतलेले दाणे आहेत ते,” माई म्हणाल्या.

“कोंबडीच्या पोटाला ते कुठं कळतंय,” घड्याळजी हळूच म्हणाले.

त्यांनीच मग गुरांच्या डॉक्टरला फोन लावला, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. डॉक्टर पलीकडून जवळजवळ ओरडूनच सांगत होता, तो माईंना लांबूनही ऐकू आला. कच्चा घेवडा विषच आहे, अख्खा असला तर कोंबड्या टाळतात तरी, भरडून घातला तर विचारायला नको. नीट भिजवून खळाखळा उकळला तर काही नाही. मी नऊ सांगितली होती, नववं तेच होतं. लिहून घेणाऱ्यांना विचारा. आज लंगडीला नुसतं मऊ, बिनमिठाचं काहीतरी द्या, खाल्लं तर वाचली म्हणा.

फोन ठेवल्यावर घड्याळजींनी काचेची बशी पुढे ओढली. तुटलेल्या माळेचे शंभर मणी धूळ खात पडले होते.

“मी त्याच दिवशी ओवली असती तर,” ते म्हणाले. मग ड्रॉवरमधून बारीक तार काढली आणि पहिला मणी चिमट्यात धरला.

माई देवापुढे जाऊन बसल्या. त्यांनी देवाकडे काही मागितलं नाही, एवढंच विचारलं, स्वतःची निंदा व्रतात बसते का? माईंनी ठरवलं, व्रत घेताना आपण ‘कुणाची’ म्हटलं होतं, आणि आपण म्हणजे काही कुणी नव्हे.

पाच वाजता परसात स्टुलं मांडली गेली. अध्यक्षांनी नोंदवहीत रकाना आखला होता, ‘दोषी घर’, त्यापुढे एक ओळ रिकामी. अध्यक्षीणबाई, आहारतज्ज्ञ बाई, बेकरीवाले, सूनबाई आणि गुडघे चोळत सासूबाई, सगळी हजर. प्रत्येक जण आभाळाकडे बघत होता, जणू दोषी तिथून खाली यायचा होता.

माई उभ्या राहिल्या. घसा इतका सुकला होता की शब्द फुटायला वेळ लागला.

“दोष माझा आहे,” त्या म्हणाल्या. “कोंबड्या माझ्या डब्यातनं आजारी पडल्या. दुसऱ्या कुणाच्याही नाही.”

त्यांना पुढे दाण्यांचं सांगायचं होतं. पण कुणी सांगू दिलं नाही.

आहारतज्ज्ञ बाईंनी एकदम पदर डोळ्यांना लावला. जी बाई जन्मात कुणाला उणं बोलली नाही, ती आज आपलं पाप स्वतःच्या माथी घेतेय, हे त्यांच्यानं बघवेना. केक माझा होता, त्या म्हणाल्या, चॉकलेटचा, आणि पाहुणे कुणी येत नाहीत हो, मीच खाते, काकडी वर अंथरते. बेकरीवाले लगेच उठले. त्यांनाही पक्कं ठाऊक होतं की माई झाकतायत ती त्यांची बुरशी. पाटी लावली आहे खरी, ते खाली बघत म्हणाले, पण राहतं शिळं, कुणाचं राहत नाही? तेवढ्यात सूनबाईला हुंदका आला. माझ्या डब्यातली सालं माझी नव्हतीच, ती म्हणाली, माईंचीच होती, त्यातच काहीतरी हिरवं गेलं असणार. मला भाजी चिरतासुद्धा येत नाही.

सासूबाईंचा गुडघ्यावरचा हात थांबला. सगळ्यांना वाटलं, आता काय ते इथंच होणार.

“चार महिने मी कुणाच्या सालींचं कौतुक करत होते मग?” त्यांनी विचारलं. आणि थोड्या वेळानं, जरा नरमून, “आमटी कुठल्या खाणावळीतनं आणतेस? ती तेवढी बंद करू नको.”

अध्यक्ष हे सगळं लिहून घेत होते, पण रकान्यात ओळ एकच होती. त्यांनी समास वापरला, मग पानाची मागची बाजू. शेवटी लिहायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की सगळे आपल्याकडे बघतायत. त्यांनी टोपण लावलं, काढलं, आणि म्हणाले की समितीचा प्रमुख या नात्यानं आपणही काही, अगदी किरकोळ, खारवलेल्या स्वरूपाचं, कधीमधी.

“तरी म्हटलं,” अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “भोपळ्यावर माणसाचं वजन वाढतं कसं.”

हा सगळा वेळ माई मूठ पुढे धरून उभ्या होत्या. आता त्यांनी ती उघडली. तळहातावर तांबडे दाणे होते. त्यांनी माळेपासून दह्यापर्यंत सगळं सांगितलं, जराही न वगळता, आणि वर म्हणाल्या की तुमच्यातल्या कुणाचं काही कोंबड्यांपर्यंत गेलंच नाही, ते माझ्या मोरीत आहे. हे ऐकून चौघांना बरं वाटायला हवं होतं. पण सगळे जरा नाराज झाल्यासारखे दिसले. एवढं कबूल करून बसल्यावर ते फुकट गेलं असं कुणाला ऐकावंसं वाटतं? आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, हा माईंचा मोठेपणा आहे, नाव घेतलेल्या दाण्यानं कधी कुणाचं वाईट होतं का? बेकरीवाल्यांनी हात जोडले. नाव घेतलेला दाणा, तो तर प्रसादच.

“शिवाय,” अध्यक्ष म्हणाले, “घेवडा परिपत्रकात नाही. परिपत्रकात नसलेल्या पदार्थानं कोंबडी आजारी पडली असं धरता येणार नाही.”

तेव्हा घड्याळजी बोलले. एवढ्या सभांमध्ये ते पहिल्यांदाच बोलले, म्हणून सगळे त्यांच्याकडे वळले.

“डॉक्टरनं नऊ सांगितली होती. तुम्ही आठ लिहिलीत.”

“नववं खरकट्याच्या व्याख्येत बसत नव्हतं.”

“लंगडीनं व्याख्या वाचली नव्हती,” घड्याळजी म्हणाले आणि खाली बसले.

अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांनी वही चाळली. तिथं, नववं म्हणून, त्यांच्याच सुबक अक्षरात ‘कच्चा घेवडा’ होतं आणि त्यावर पट्टी धरून मारलेली सरळ रेघ. मग त्यांनी ठराव सांगितला, आवाज नेहमीपेक्षा खाली ठेवून. दोषी घर सापडलं असून ती पाचही घरं आहेत. कोंबड्या राहतील.

अध्यक्षीणबाई तेवढ्यात घरात जाऊन आल्या होत्या. हातात दुपारचं ताट होतं, बोट न लावलेलं, बिनमिठाचा उकडलेला भोपळा. माई खुराड्यात ओणव्या शिरल्या, लंगडीला मांडीवर घेतलं आणि भोपळ्याचा मऊ तुकडा तिच्या चोचीपाशी धरला. कोंबडीनं मान फिरवली. माईंनी तो बोटांनी आणखी कुस्करला आणि वाट बघितली. जाळीपलीकडे पाचही घरं उभी होती आणि कुणी कुणाविषयी काही बोलत नव्हतं. त्या गल्लीत असं कधी झालं नव्हतं.

लंगडीनं एक डोळा उघडला. टिपलं, थुंकल्यासारखं केलं, पुन्हा टिपलं. मग भोपळ्याच्या ताटाकडे मान लांब केली आणि अध्यक्षांचं दुपारचं जेवण चवीनं खायला लागली.

घड्याळजी झाकलेला पेला घेऊन जाळीशी उभेच होते. दुसऱ्या हातात माळ होती, ओवलेली. माई पाणी सगळं एका दमात प्यायल्या.

उरलेल्या दाण्यांचं काय करायचं हा प्रश्न त्यांनी दुसऱ्या दिवशी सोडवला. रात्रभर भिजवले, खळाखळा उकळले आणि घड्याळजींबरोबर बसून खाल्ले. पुण्याला चव होती, मीठ जरा कमी पडलं होतं.

पुढे काही दिवस डबे फार चमत्कारिक येऊ लागले. आहारतज्ज्ञ बाईंच्या डब्यात धुतलेलं, फोडी केलेलं कलिंगड. बेकरीवाल्यांकडून आजचाच पाव. अध्यक्षांच्या डब्यात काहीच नाही, म्हणजे भोपळा कुणीतरी खाऊ लागलं होतं. सूनबाईच्या डब्यात मात्र तिची स्वतःची सालं होती, इतकी जाड की अर्धी भाजी त्यांनाच चिकटलेली. कोंबड्यांची चंगळ झाली. खरं खरकटं कुठं जात होतं ते माईंना पहाटे रस्त्याकडेच्या काळ्या पिशव्यांवरून कळत होतं, पण त्यांनी तिकडे बघायचं सोडून दिलं होतं.

पंधरा दिवसांनी दारांवर सुधारित परिपत्रक लागलं. माई चष्मा लावून वाचायला उभ्या राहिल्या. आठ कलमं तशीच होती, कांद्याची उपसमिती अजून बसलेली नव्हती. खाली नववं होतं.

‘९. कच्चा घेवडा, मग तो नाम घेतलेला असो वा नसो.’

माईंनी ते दोनदा वाचलं. यात कुणाची निंदा आहे का, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. मग पदर तोंडावर धरून, माळ हातात तशीच ठेवून, त्या इतक्या हसल्या की मोजत होत्या ते कितवं नाव होतं तेच विसरल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.